पाहुण्यांचा तांब्या

उन्हातून आलेल्या शर्वाणीने कौसाबाईंनी पुढे केलेला तांब्या एका दमात रिकामा केला. ओसरीवरच्या बायका रिकाम्या तांब्याकडे बघत राहिल्या. तिचा ड्रायव्हर भास्कर याच खारपाणपट्ट्यातला. तो हळूच म्हणाला, "मॅडम, इथं नुसते ओठ लावून परत द्यायचा असतो. दिवसभर सगळ्या पाहुण्यांपुढे हाच तांब्या जातो."

शर्वाणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"असू दे भाऊ," कौसाबाई म्हणाल्या. "तहान लागली असंन बाईले."

अंगणापलीकडे खाऱ्या पाण्याची उथळ तळी उन्हात आटत पसरली होती. देशभरातल्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना लागणारं लिथियम त्यांतूनच निघत होतं. शर्वाणीच्या कंपनीपुढे दोन वाटा होत्या. डोंगरातली चिकणमाती खणायची, तर ॲसिड आलं, भट्ट्या आल्या. इथलं जमिनीखालचं खारं पाणी उपसायचं, तर पुढचं काम ऊन फुकटात करणार होतं. ही तुलना शर्वाणीनेच केली होती. उडून जाणाऱ्या पाण्याची किंमत तिने शून्य धरली, कारण ते पिण्याचं नव्हतंच. पण खारं पाणी उपसलं, तसं वरचं गोडं पाणी त्याच्या जागी उतरत गेलं आणि गावच्या विहिरी कोरड्या पडल्या.

"मातीतून काढाचं म्हटलं तं लय महाग पडलं असतं म्हनतात," कौसाबाईंनी सहज विचारलं. "खरं काय, बाई?"

शर्वाणी तांब्या दोन्ही हातांत घट्ट धरून बसली. खाली ठेवला असता, तर रिकामा वाजला असता.