बारा व्होल्टची सवत

पंधरा दिवस नवरा त्या जुन्या फ्लॉपी ड्राइव्हला कवटाळून बसला होता. यूएसबीचं नवं कार्ड लावून ती लॅपटॉपला जोडली, तर दिवा लागे, पण मोटर काही फिरेना. आतली फ्लॉपी त्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोची होती.

यूएसबीचे पाच व्होल्ट पुरत नाहीत, मोटरला बारा लागतात, हे टीव्ही दुरुस्त करणाऱ्या दुसऱ्या बायकोने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पण सवतीला आपल्याच हाताने कोण जागं करणार?

आज तो आंघोळीला गेला आणि तिला राहवेना. आत प्रेमपत्रंच असणार, ती आधी आपणच वाचायची, म्हणून तिने बारा व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर जोडला. ड्राइव्ह घरघरली. एकच फाइल निघाली: 'नवऱ्याच्या खोडी'. पहिलीच ओळ होती, 'रोज टॉवेल विसरतो.'

"अगं, टॉवेल दे ना!" बाथरूममधून हाक आली.

"थांब रे जरा," तिने खुर्ची पुढे ओढली, "आम्ही दोघी बोलतोय."