चाखणारी

गावचे कारभारी कुराहाशी यांनी सकाळचा उरलेला भात सज्ज्यावरून खाली नदीत ओतला.

"बघ, आमच्या राज्यात मासेसुद्धा जेवतात," ते म्हणाले.

अंगणात गुडघे टेकून बसलेल्या ओताकीने मान खालीच ठेवली. नदीच्या तळाशी बुड्या मारून शिंपले काढण्यात तिचा जन्म गेला होता. यंदा ऊनच पडलं नाही. भाताच्या लोंब्या पोचट राहिल्या, नदीतही मासे उरले नाहीत. घरी तिची नात ओरिन कालपासून रडायचीही थांबली होती.

"कोठार उघडा, सरकार. निदान पोरांपुरतं."

"ती पोती उद्या गडावर जायची आहेत, मोठ्या सरकारांच्या मुदपाकखान्यात."

"मासे नाहीत हो. जाळी नुसती वाळतायत."

"मग जाळी उकडून खा."

कारकून सोबेई खो-खो हसला.

"तुमचा चाखणारा तापानं पडलाय म्हणे," ओताकी हळूच म्हणाली. "मी चाखते. तेवढेच चार घास."

गाव आपल्यावर जळतं, हे कुराहाशींना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांच्याकडे रीतच होती. चाखणाऱ्याने आधी खायचं, उदबत्ती जळेपर्यंत समोर बसायचं, मग मालकांनी ताट ओढायचं.

"चाख. मेलीस तर एक तोंड कमी."

दुपारचं ताट आलं. गडावर जाणारा तांदूळ कसा आहे ते बघायला त्यातलंच एक पोतं फोडून भात केला होता. ओताकीने अन्नाला हात जोडले. कुराहाशी कधी जोडत नसत. तिने आधी भाताचाच घास घेतला. सोबेईने उदबत्ती लावली.

ती निम्मी जळाली नाही तोच ओताकीने पोट धरलं. ती आडवी झाली, तडफडली, तोंडातून भात ओघळला. मग सगळं थांबलं. सोबेईने तिच्या नाकाशी पीस धरलं. पीस हललं नाही.

कुराहाशी पांढरेफटक पडले. "हा तांदूळ गडावर गेला असता तर शिक्षा म्हणून मला माझंच पोट फाडून घ्यावं लागलं असतं!"

"पोती जाळू या?"

"धूर दिसेल, चौकशी होईल. नदीत लोटा. सगळी, आत्ता. आधी हिला."

"खाली गाव आहे, सरकार. त्यांनी खाल्लं तर?"

"खाऊ देत. कटकट तरी मिटेल."

चटईत गुंडाळलेली ओताकी पाण्यात पडली. तिच्यामागून धबाधब पोती.

नदीच्या वळणापलीकडे अख्खं गाव सकाळपासून कंबरभर पाण्यात उभं होतं. या काठापासून त्या काठापर्यंत होती नव्हती तेवढी जाळी ताणलेली. आधी चटई अडकली. शेजारच्या गोन्झोने ती ओढून घाईघाईने उलगडली.

आतून ओताकी खोकत उठून बसली.

"माझ्याकडे काय बघताय, मेल्यांनो? पोती धरा, पोती!"