नाव कळल्यावर

जंतूचं नाव काही मिनिटांत सांगणारं यंत्र जपानच्या कानाझावा शहरातल्या आमच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आलं, तेव्हा किनुएताईंनी फ्रीझरमधून एक जुनी कुपी काढली आणि तिच्यातले जंतू वाढवले. त्यांची लेक मिओ तापाने गेली, तेव्हा तिच्या रक्तात सापडलेला हा जंतू कुणालाच ओळखता आला नव्हता.

यंत्राच्या पडद्यावर नाव उमटलं. ताईंनी ते वाचलं.

"आपल्या कपाटातल्या साध्या औषधाने बरी झाली असती गं."

मी कुपी उचलून हळूच विचारलं, "ताई, ही कुपी आता नष्ट करू ना?"

त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"नको. माझ्या मिओच्या अंगातलं एवढंच अजून जिवंत आहे."