चढावरचा धूर

"दाब! आणखी दाब!" सायलेन्सरपाशी उकिडवा बसलेला मसाजी मिस्तरी ओरडला.

जीपवाल्या रामप्रसादनं एक्सिलेटर तळाला टेकवला. गॅरेजात उभी जीप गुरगुरली, पण धूर निघाला नव्या नवरीच्या बोलण्याएवढा. हीच जीप गोरेगावातून बाजाराच्या भाजीवाल्या बाया भरून निघाली आणि सेनगावच्या रस्त्याला चढ लागला, की वीटभट्टीसारखं काळं ओकायची. बैलगाड्या पुढं जायच्या.

"काका, पाच दिस झाले. आज न्हाई सापडलं तर उद्या हिंगोलीला नेतो."

हे वर्मी लागलं. बावीस वर्षांत मसाजीच्या गॅरेजातून एकही गाडी तशीच हिंगोलीला गेली नव्हती. त्यात ही जीप त्याच्याच हातची. दिवाळीत तिचा जुना टर्बो त्यानंच खोलून बसवला होता. वर जीप आणखी पळावी म्हणून डिझेल पंपाचा स्क्रू जरासा फिरवला होता आणि चौकात बोंबलून सांगितलं होतं, "आता ही जीप न्हाई, इमान हाय!"

दुखणं त्याला कळलं होतं. डिझेल जास्त, हवा कमी. पण हवा अडते कुठं? नोझल बघून झाले, पंप झाला. टर्बोचं पातं बोटानं फिरवलं, गरगर फिरलं. पाइपांवर साबणाचं पाणी मारलं, एक बुडबुडा नाही. हवेच्या फिल्टरचा डबा तेवढा उघडला नव्हता. फिल्टर त्यानं आठ दिवसांपूर्वीच नवा घातला होता. स्वतःच्या हातावर शंका घेईल तो मिस्तरी कसला!

"उभ्या जीपचा रोग दिसत न्हाई," तो उठला. "बाया भर. मी येतो संगं. आज सापडल्याबिगर जेवत न्हाई."

सात बाया बसल्या, टोपल्यांसकट. पुढच्या सीटवर भिकाबाई, उजवा हात प्लास्टरात. मागल्या महिन्यात रामप्रसादनं वळणावर ट्रॅक्टरला मागं टाकलं, तेव्हा ती वांग्याच्या टोपलीसंगं जीपमधून बांधावर पडली होती. "हळू चालव," बायांनी कितीदा सांगितलं. "मावशे, भ्या वाटत असंल तर पायी जा," हे त्याचं उत्तर.

चढ लागला. धूर सुरू झाला. जीप रांगायला लागली. रामप्रसाद शिव्या देत होता आणि मसाजी कान लावून होता. टर्बोची शिट्टी घोगरी येत होती, गोधडीत तोंड खुपसून श्वास घ्यावा तशी. म्हणजे हवा टर्बोच्या आधीच अडत होती.

आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. बाजाराला उशीर होत होता, पण एकही बाई कुरकुरत नव्हती. शिला डुलकी काढत होती. पुनम निवांत शेपू निवडत होती. जन्मभर लोकांच्या खोड्या काढलेल्या मसाजीला खोडीचा वास आला.

"थांबव. खालच्या हापशावरून पाणी आण."

रामप्रसाद कॅन घेऊन उतरला. मसाजीनं बॉनेट उचललं, फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या. आत नव्याकोऱ्या फिल्टरला वासराचं सुताचं मुसकं घातलेलं. मुसक्याच्या आत लुगड्याचा दुहेरी तुकडा.

मागं भिकाबाई येऊन उभी होती. मान खाली नव्हती.

"बैल पिकात तोंड घालायला लागला तर आपण काय करताव, मसाजी?"

"पर तुझा हात तर..."

"डोस्कं माझं. हात ह्या साऱ्यायचे."

मसाजीनं तिच्या प्लास्टरकडं पाहिलं. मग पंपाकडं. स्क्रूवर त्याच्या पेचकसाचा ओरखडा अजून चमकत होता.

"काका, सापडलं का?" खालून हाक आली.

जीपमधल्या बाया टोपल्यांवरून वाकून बघायला लागल्या. मुसक्याची गाठ एका बाजूनं सैल पडली होती. मसाजीनं ती दातांनी ओढून घट्ट केली, डबा लावला, क्लिपा खाटकन बसवल्या आणि हापशावरच्या साऱ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला,

"न्हाई रे बाबा! मसाजी हारला! जास्त दाबू नको, चाळीसच्या आत चालव, धूर निघणार न्हाई!"