विहिरीवरचा स्लॅब

आशागडला चिकूच्या वाडीतल्या कोरड्या विहिरीत देवकीचं वासरू पडून मेलं, तेव्हा तिने विहिरीवर स्लॅब टाकायचं ठरवलं. गवंडी सकाळीच येऊन माल कालवू लागला. विहिरीत वटवाघळं राहतात का, हे तपासायला भाविनी नावाची संशोधक मुलगी आदल्या संध्याकाळी तिथे रेकॉर्डर टांगून गेली होती. आता ती ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली. काळ्या स्क्रीनवर तिने एका ओळीची कमांड टाइप केली आणि प्रोग्राम एकेक रेकॉर्डिंग तपासून त्यातले वटवाघळांचे आवाज मोजू लागला. “आत काय नाय, बाय. मी टॉर्च मारून बघितलंय,” देवकी म्हणाली. ऊन असतानाच्या फाइलींपुढे शून्य उमटलं. अंधार पडल्यानंतरच्या फाइलींपुढे मात्र आकडे वाढत गेले. “पण मला तर कधी आवाज आला नाय,” देवकी म्हणाली. “तो आपल्या कानांना ऐकू येत नाही, काकी. दहापट संथ करून लावते.” लॅपटॉपमधून टकटक सुरू झाली, कधी सावकाश, कधी घाईघाईने. देवकी वाकून ऐकत राहिली. “आता पिल्लं असतील काय आत?” तिने विचारलं. “मे महिना आहे, असणार. ती अजून उडत नसतील.” गवंडी घमेलं भरून वाट बघत होता. देवकीने गोठ्यातल्या गाईकडे पाहिलं. मग गवंड्याजवळ जाऊन म्हणाली, “स्लॅब राहू दे. याच मालात माझ्या छातीएवढा कठडा बांध.”