धुऱ्यावरचा शोप्या

उर्वशीनं आंब्याले तोंड लावलं आन तिचा हात तिथंच थांबला.

बडीशेपेचा वास. शोप्या आंबा! तिच्या मोठीमायच्या, म्हणजे मायच्या मोठ्या बहिणीच्या, कांताबाईच्या वावराच्या धुऱ्यावरचा, बांधावरचा. साऱ्या घाटंजीत असं झाड एकच. पिकायले लागलं का त्याच्या वासानं मसणातले म्हातारेही कड पलटत.

"खाय ना," कांताबाई म्हणाली. "तूच तं आणले."

आणले उर्वशीनंच होते, पिशवी भरून. ती ज्यांच्या हाताखाली वकिली करे त्या साहेबांनी, पुंडलिकरावांनी दिले होते. आन तो धुरा तं आता कांताबाईचा राह्यलाच नव्हता. शेजारच्या पाटलानं नांगर घालून झाडासकट गिळला होता. त्याचीच केस कांताबाईनं पुंडलिकरावांकडं दिलती, उर्वशीच्या भरवशावर.

"मोठीमाय, हे आंबे साहेबांच्या घरी..."

"समजलं मले." कांताबाईनं हातातली कोय उकिरड्यावर भिरकावली.

पुंडलिकराव लय मोठा माणूस. मिशा अशा, का एका टोकावर बसलेला कावळा दुसऱ्या टोकावरच्या कावळ्याले ओळखे नाही. "शहरातल्या मोठ्या कॉलेजची पोरं मले नको," ते भाषणात म्हणत. "आपल्या लहान कॉलेजची, मजुराची लेकरं मी घडवतो." लोक टाळ्या वाजवत. उर्वशीही वाजवे. कापूस वेचणाऱ्या बाईची पोरगी, तिले दुसरं कोण दारात उभं करत होतं?

आन घडवलं काय, तं एक वाक्य. "साहेब वरच्या कोर्टात आहेत, तारीख द्यावी." हे ती इतकं गोड म्हणे, का छताचा पंखा ऐकायले थांबे आन जज साहेबांचा पेन आपोआप पुढची तारीख लिहे. मोठीमायच्या केसमधेही दर बारीनं तिनं हेच म्हटलं. तिले वाटे, साहेब काहीतरी मोठा डाव टाकून राह्यले. साहेब आंबे खाऊन राह्यले होते.

सुट्ट्या सरल्या, कोर्ट उघडलं. पेरणी तोंडावर आलती. आज मनाई हुकूम झाला नाही तं यंदाही पाटीलच पेरणार.

"तारीख मागून टाक," पुंडलिकराव म्हणाले आन चहा प्यायले निघून गेले.

पुकारा झाला. उर्वशी उभी राह्यली. जज साहेबांनी पेन उचललाच होता.

"तारीख नको, साहेब." आज आवाज गोड नव्हता, फाटला होता. "आमचे साहेब कोणत्याच कोर्टात नाहीत, टपरीवर चहा पिऊन राह्यले. केस मीच चालवते. आजच."

पंखा खरंच थांबला. लाईट गेलती म्हणे, पण तिथं बसलेले लोक अजून मानत नाहीत.

जज साहेबांनी चष्मा वर केला. "बोला."

उर्वशीनं मागं पाह्यलं. मोठीमायनं ऐकलं असंल का?

कांताबाई आत्ताच दारातून येत होती. ती उर्वशीले वलांडून पुढं गेली आन जज साहेबांपुढं हात जोडले.

"साहेब, हे दोघंही मले नको. गुरूही नको, चेलीही नको. दोघायच्याही हाताले माह्या आंब्याचा वास हाये."

"मोठीमाय, मले खरंच..."

"आंबे तूच तं आणले."

तिच्या मागून नवा वकील पुढं आला. कोट कोरा करकरीत, शिक्षण नागपूरच्या मोठ्या कॉलेजातलं. त्यानं वकीलपत्र टेबलावर ठेवलं आन अदबीनं वाकला.

"साहेब, केस मला आजच मिळाली आहे," तो म्हणाला. "तारीख द्यावी."