दक्षिणेला पाय

मनुबाईनं गोवऱ्यांची पाटी चुलीपाशी आदळली. “अगं अवदसे! दक्षिणंला पाय करून निजवलंस व्हय माझ्या नातवाला? यमाच्या दारात? मढं हाय का ते?”

अंजना गोधडीपाशी बसली होती. पुढ्यात तिचं पाच महिन्यांचं पोर, गुंडा, घसा फोडून रडत होतं. त्याची मान डावीकडं वळलेली, नेहमीसारखीच. अंजनानं सासूकडं बघितलंसुद्धा नाही.

“डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, अंथरूण फिरवा म्हणून.”

“जळ्ळी तुझी डॉक्टरीणबाई!”

झालं! साताऱ्याहून आल्यापासनं घरात रोज हेच. पोर जन्मल्यापासून एकाच अंगाला बघायचं. बघून बघून डोकं मागनं डावीकडं चपटं झालं, भाकरीगत. मनुबाईनं मोहरीची उशी शिवली. रोज तेल लावून डोकं दाबलं. काही उपयोग नाही. तरी म्हातारीचा हेका एकच, होईल हळूहळू. नवरा केरबा एकाहत्तरच्या लढाईपासनं पठाणकोटला पलटणीत, विचारायचं तरी कुणाला? शेवटी अंजना पोराला पदराखाली घेऊन एकटीच साताऱ्याच्या एस्टीत बसली.

डॉक्टरीणबाईंनी मानेवर बोट फिरवलं. मानेची शीर आखडलीय, म्हणाल्या. म्हणून बाळ एकीकडंच बघतं आणि म्हणूनच डोकं चपटं होतंय. ती उशी आधी काढून टाका. जागं असताना पालथं घाला. मान रोज हलक्या हातानं उजवीकडं फिरवा. पण खरं म्हणजे त्यानं आपलं आपण उजवीकडं बघितलं पाहिजे. नाहीच बघितलं, तर दिवाळीनंतर शीर कापावी लागेल.

कापावी लागेल! एवढ्याशा मानेवर सुरी! त्या दिवसापासनं अंजनाला घास गोड लागत नव्हता.

ती मान फिरवायला लागली की पोर किंचाळायचं. मनुबाई अंगणात जाऊन छाती बडवायची. “मान मुरगाळतीया गं माझ्या नातवाची!” सगळी आळी दारात. आता तर अशी गत झाली की अंजनाचे हात जवळ आले की पोर आधीच गळा काढायचं. आईचे हात बघून! दुसऱ्या कुणी केलं असतं तर अंजनानं त्याचं थोबाड फोडलं असतं. पोटच्या पोरावर राग तरी कसा काढायचा? उजवीकडं बसून तिनं खुळखुळा वाजवला, पितळी बडवली, माकडासारखे चाळे केले. डोळे तेवढे फिरायचे. मान काही हलायची नाही.

मग तिच्या ध्यानात आलं. ती शेतात भांगलायला गेली की पोर दिवसभर सासूपाशी असतं, आणि दिवसभर चुलीकडंच बघतं. जाळ बघत असणार. आज सासू गोवऱ्या आणायला बाहेर पडली आणि तिनं अंथरूण उलटं फिरवलं. चूल पोराच्या उजव्या अंगाला आली. तिनं लाकडं सारून जाळ चांगला भडकवला. पण पोर कसलं वस्ताद! दाराकडं तोंड करून रडत राहिलं ते राहिलंच. लाकडं संपली, चूल विझली, आणि नेमकी तेव्हाच ही बया दारात उभी.

मनुबाईनं चुलीपुढं फतकल मारली, पदर खोचला आणि तोंड सोडलं. “सात पोरांची डोस्की गोल केली ह्या हातांनी! आन् तू मला शिकीवतीस? चार बुकं वाचली म्हंजी लय शानी झालीस? कोवळ्या जिवाचं हाल हाल केलंस, कैदाशिणी!”

अंजनाच्या अंगाची लाहीलाही झाली.

“व्हय, सात केली! मग ह्याचं का न्हाई झालं? उशी घाल, तेल घाल करत तुमी माझं दिवस घालवलं. उद्या त्याची मान कापायला घेतली, तर तुमी पडणार हाय का आडव्या? बघवत न्हाई तर जावा सांगलीला, लेकीकडं! माझं पोर माझं मी बघती!”

बोलायचं नव्हतं ते बोलून गेली.  मनुबाईनं पदर डोळ्यांना लावला.

घर एकदम गप्प झालं. पोर कधी रडायचं थांबलं होतं कुणास ठाऊक! अंजनानं खाली बघितलं, तर त्याचं तोंड चुलीकडं होतं. उजवीकडं. तिचा विश्वासच बसेना. ती बघत होती तोवर मान हळूहळू माघारी फिरली आणि पोरानं ओठ काढला.

“काय बघतीस डोळं फाडून?” मनुबाई रडत रडतच उसळली. “जाती की सांगलीला! आत्ता जाती! तोंड बघणार न्हाई तुझं, हडळे!”

पोराची मान हलली. अडखळत, थोडी थोडी करत उजवीकडं वळली. आणि त्या शिव्यांकडं बघून गुंडा बोळकं पसरून हसला.

अंजनानं चुलीत बघितलं. नुसती राख होती. पोर जाळ कधी बघतच नव्हतं.

मनुबाई पेटीतनं लुगडी काढायला उठली. अंजनानं तिचा हात घट्ट धरला.

“पाया पडती, आत्याबाई, उठू नका. तितंच बसा, आन् आणिक शिव्या द्या मला.”